हेडलाइटची काच पिवळी का पडते? ती घरी साफ करता येते का?

घुग्घुसच्या रस्त्यावर उभ्या असलेल्या आठ-दहा गाड्यांचं तोंड जरा निरखून बघा. पाच-सहा वर्षांहून जुन्या गाड्यांमध्ये एक गोष्ट हमखास दिसेल. गाडीचा रंग चांगला असतो, टायर नवे असतात, सीटकव्हरही झकास असतं. हेडलाइट मात्र पिवळट, दुधाळ, मोतीबिंदू झालेल्या डोळ्यासारखे दिसतात.

बहुतेक लोक याला धूळ समजतात. कोळशाचं गाव, त्यात सिमेंटचा कारखाना आणि स्पंज आयर्नचा प्लांट, मग काच मळणारच, असं म्हणून सोडून देतात. कोणी ओल्या फडक्यानं पुसतं, कोणी टूथपेस्ट घासतं. काच दोन दिवस उजळते आणि महिन्याभरात पुन्हा पिवळी होते.

याचं कारण साधं आहे. तो पिवळेपणा म्हणजे वर बसलेला मळ नव्हे. काचेवर कंपनीनं दिलेला संरक्षक थर उन्हानं संपलेला असतो आणि खालचं प्लास्टिक खराब व्हायला लागलेलं असतं. त्यामुळे काच घासून चकचकीत करणं हे निम्मंच काम आहे. उरलेलं निम्मं काम म्हणजे गेलेला थर परत देणं. हे दुसरं काम केलं नाही तर पहिलंही वाया जातं.

ही गोष्ट केवळ दिसण्यापुरती असती तर एवढं लिहायची गरज नव्हती. रात्रपाळी संपवून घुग्घुसहून वणीकडे किंवा पडोलीमार्गे चंद्रपूरला जाणाऱ्या माणसाला समोरचं किती अंतरावर दिसतं, ते या थरावर अवलंबून असतं.

ही काच मुळात काच नाही

आपण सवयीनं 'हेडलाइटची काच' म्हणतो. अॅम्बॅसेडर किंवा प्रीमियर पद्मिनीच्या गोल दिव्यांवर खरोखरच काच होती. दगड लागला की ती तडकायची, पण कितीही वर्षं उन्हात उभी राहिली तरी पिवळी पडत नव्हती. म्हणूनच एखाद्या जपलेल्या जुन्या अॅम्बॅसेडरचे दिवे आजही स्वच्छ दिसतात आणि तिच्या शेजारची आठ वर्षांची हॅचबॅक म्हातारी वाटते.

आजच्या गाड्यांवर असतं ते पॉलिकार्बोनेट नावाचं पारदर्शक प्लास्टिक. १९५३ साली जर्मनीच्या बायर कंपनीत हर्मन श्नेल यांनी आणि अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये डॅनियल फॉक्स यांनी ते स्वतंत्रपणे शोधलं. गाड्यांच्या दिव्यांत ते यायला बराच काळ गेला. अमेरिकेत १९४० पासून ठरावीक मापाचे, काचेचे बंद दिवे वापरणं सक्तीचं होतं. १९८३ साली तो नियम सैल झाला आणि गाडीच्या आकाराप्रमाणे घडवलेले, बल्ब बदलता येणारे दिवे आले. पुढे ही पद्धत जगभर पसरली आणि आपल्याकडेही आली.

पॉलिकार्बोनेटचे फायदे मोठे आहेत. ते काचेपेक्षा हलकं असतं, खडा लागला तरी सहजासहजी फुटत नाही आणि हव्या त्या वळणाचं बनवता येतं. तोटे दोन आहेत. एक, त्यावर ओरखडे लवकर पडतात. दोन, सूर्यप्रकाशातले अतिनील किरण त्याला सोसत नाहीत. म्हणून कारखान्यातच त्यावर पातळ, कडक, पारदर्शक थर चढवतात. हा थर अतिनील किरण अडवतो आणि ओरखड्यांपासूनही वाचवतो. हेडलाइटचं आयुष्य म्हणजे प्रत्यक्षात या थराचं आयुष्य.

(सोयीसाठी या लेखात पुढेही 'काच' हाच शब्द वापरू.)

पिवळेपणा येतो कुठून?

अतिनील किरण आधी वरच्या थरावर काम करतात. काही वर्षांत तो कडक होतो, त्याला डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक भेगा पडतात आणि जागोजागी त्याचे पापुद्रे सुटतात. या अवस्थेत काच धूरकट किंवा ठिपकेदार दिसते.

थर गेला की किरण थेट प्लास्टिकपर्यंत पोहोचतात. पॉलिकार्बोनेटच्या लांबलचक रेणूंमधले बंध तुटतात आणि हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीनं नवे रेणू तयार होतात. हे नवे रेणू प्रकाशातला निळा भाग शोषून घेतात. निळा भाग कमी झाला की उरलेला प्रकाश आपल्याला पिवळा दिसतो. म्हणजे पिवळा रंग बाहेरून येऊन बसलेला नसतो, तो प्लास्टिकच्या वरच्या थरातच तयार झालेला असतो. पुसून जात नाही तो यामुळेच.

काचेचा वरचा, आकाशाकडे कललेला भाग आधी पिवळा पडतो, हेही तुम्ही पाहिलं असेल. ऊन तिथेच सर्वात जास्त लागतं. एक दिवा जास्त पिवळा आणि दुसरा कमी असेल, तर गाडी रोज एकाच जागी, एकाच बाजूनं उन्हात उभी राहते का ते बघा. की मागे कधी एक दिवा बदलला होता, तेही आठवा.

घुग्घुसमध्ये हे लवकर का होतं?

पहिलं कारण ऊन. चंद्रपूर जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जाणं नवीन नाही. एवढ्या उष्णतेनं पॉलिकार्बोनेट वितळत नाही, ते मऊ व्हायलाच १४० अंशांच्या पुढचं तापमान लागतं. पण तापलेल्या काचेवर किरणांमुळे होणारी रासायनिक क्रिया वेगानं होते. शिवाय दिवसा तापणं आणि रात्री निवणं यात प्लास्टिक आणि वरचा थर वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात-आक्रसतात, त्यामुळे भेगा वाढतात. मग पावसाळ्याची ओल त्या भेगांतून आत शिरते.

दुसरं कारण धूळ. घुग्घुसच्या आसपास वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या कोळसा खाणी आहेत, सिमेंट आणि लोखंडाचे कारखाने आहेत, पलीकडे चंद्रपूरचं औष्णिक वीज केंद्र आहे. या सगळ्यांचा माल वाहणारे हायवा आणि ट्रेलर रात्रंदिवस धावतात. कोळशाची भुकटी तशी मऊ असते, पण तिच्यासोबत मुरूम, वाळू आणि राखेचे कणही येतात. राखेत सिलिका असते आणि ती पॉलिकार्बोनेटपेक्षा कितीतरी कठीण असते.

इथे एक सवय गाडीचं नुकसान करते. सकाळी गाडी काढताना कोरड्या फडक्यानं हेडलाइट पुसण्याची. त्या वेळी आपण वॉटर पेपर फिरवल्यासारखंच काम करत असतो. रोज थोडं थोडं घासून तो पातळ थर आपणच संपवतो. धूळ आधी पाण्यानं वाहू द्यायची आणि मगच हात लावायचा, एवढं जरी पाळलं तरी काचेचं आयुष्य वाढतं.

प्रकाश नेमका किती कमी होतो?

अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशननं २०१८ साली याची चाचणी घेतली होती. खूप खराब झालेल्या काचेतून नव्या दिव्याच्या तुलनेत जेमतेम २० टक्क्यांच्या आसपास प्रकाश मिळाला. म्हणजे पाच भागांतला एक भाग. काच नीट साफ करून घेतल्यावर प्रकाश सुमारे ७० टक्क्यांपर्यंत परत आला.

याचा रस्त्यावर अर्थ काय? एक साधं गणित करू. प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात क्षीण होतो. त्यामुळे दिव्याचा प्रकाश पाचवा हिस्सा झाला, तर एखादी वस्तू तितक्याच स्पष्टपणे दिसण्याचं अंतर निम्म्याहून थोडं कमी होतं.

समजा, नव्या दिव्याच्या डिपरवर काळ्या डांबरावर उभी असलेली म्हैस तुम्हाला ७० मीटरवरून दिसते.
• खराब काचेत तीच म्हैस सुमारे ३१ मीटरवर दिसेल.
• काच साफ केल्यावर ती सुमारे ५८ मीटरवर दिसेल.

आता ब्रेकचं बघा. ताशी ६० किलोमीटर वेगात गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला तर तेवढ्यात २५ मीटर संपतात. कोरड्या रस्त्यावर, टायर चांगले असतील तर, गाडी थांबायला आणखी २० मीटर लागतात. एकूण ४५ मीटर. ओल्या रस्त्यावर त्याहून जास्त.

३१ मीटरवर दिसणाऱ्या म्हशीसाठी ४५ मीटर लागणारा ब्रेक कामाचा नाही. हेच गणित उलटं केलं, तर नव्या दिव्यात ज्या रस्त्यावर ताशी ८० पर्यंत वेळेत थांबता आलं असतं, तिथे खराब काचेनं ४५ च्या वर जाणं धोक्याचं ठरतं. हे आकडे ढोबळ आहेत. रस्ता, पाऊस, डोळे यांप्रमाणे ते बदलतील. पण फरक केवढा आहे ते यातून कळतं.

आणि आपल्या भागात समोर काय काय येतं ते वेगळं सांगायला नको. कडेला पंक्चर होऊन उभा असलेला, मागचे दिवे बंद असलेला हायवा. सायकलवरून घरी निघालेला कामगार. लोहारा-चिचपल्लीच्या जंगलातून मूलकडे जाताना चितळ, रानडुक्कर, रोही. आलापल्लीच्या पुढे तर किलोमीटर न् किलोमीटर रस्त्यावर दुसरा उजेडच नसतो.

आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. ट्रकच्या मागे लावलेल्या लाल-पांढऱ्या रिफ्लेक्टर पट्ट्या, वळणावरचे फलक, रस्त्यातले चमकणारे खिळे, यांना स्वतःचा प्रकाश नसतो. तुमच्या हेडलाइटचा प्रकाश ते तुमच्याकडेच परत पाठवतात. तुमच्याकडून पाचवा हिस्सा गेला, तर परतही पाचवाच हिस्सा येणार. त्यात त्या पट्टीवर कोळशाची धूळ असेल तर विचारायलाच नको.

उरलेला प्रकाश जातो कुठे? काही काचेत शोषला जातो, बाकीचा सैरावैरा पसरतो. त्यातला काही समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. म्हणजे आपल्याला कमी दिसतं आणि समोरच्यालाही त्रास होतो.

मोठा बल्ब टाकला तर?

हा उपाय गॅरेजमध्ये सर्रास सुचवला जातो. साध्या हॅलोजन दिव्यात ६०/५५ वॉटचा बल्ब असतो, त्याजागी १००/९० टाकायचा. किंवा स्वस्तातला एलईडी बसवायचा. पण काच धूरकट असेल तर जास्तीचा प्रकाशही तसाच विखुरतो. समोरचा जास्त दिपतो, तुम्हाला फायदा थोडाच होतो. वर मोठ्या बल्बच्या उष्णतेनं आतला चकचकीत रिफ्लेक्टर करपतो, होल्डर आणि वायरिंग तापते. रिफ्लेक्टर एकदा काळवंडला की बाहेरून काच कितीही साफ केली तरी उपयोग नाही. म्हणून आधी काच, मग बल्ब.

साफ करण्याआधी ही तपासणी करा

सगळ्याच पिवळ्या काचा घासून सुधारत नाहीत. पाच मिनिटांची तपासणी मेहनत वाचवते.

१. पाण्याची परीक्षा: काच धुऊन घ्या आणि ओली असतानाच बघा. ओलेपणी काच बरीच स्वच्छ दिसत असेल आणि वाळल्यावर पुन्हा धूरकट होत असेल, तर बिघाड बाहेरच्या पृष्ठभागावर आहे. पाणी बारीक भेगा भरतं म्हणून ती तात्पुरती पारदर्शक दिसते. अशी काच घासल्यावर हमखास सुधारते.

२. आतला दव: पावसाळ्यात किंवा थंडीत सकाळी आतून हलकी वाफ दिसली आणि दिवा लावल्यावर निघून गेली तर काळजी नको. पण आत पाण्याचे थेंब किंवा डबकं दिसत असेल तर सील गेलं आहे, मागचं रबरी झाकण नीट बसलेलं नाही किंवा काचेला चीर आहे. ते आधी दुरुस्त करा.

३. आतल्या भेगा: टॉर्च तिरपी धरून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा काचेच्या आत खोलवर दिसत असतील तर घासून त्या जाणार नाहीत.

४. रिफ्लेक्टर: बल्बच्या मागचा आरसा काळा, तपकिरी किंवा पापुद्रे सुटलेला असेल तर पूर्ण दिवा बदलणं हाच उपाय.

टूथपेस्ट, सोडा, पेट्रोल: काय खरं, काय खोटं?

टूथपेस्ट: यात अगदी बारीक घासणारी पूड असते. वरवरचा धूरकटपणा असेल तर काच थोडी उजळते. पण खोल पिवळेपणा जात नाही आणि संरक्षक थर तर मिळतच नाही. उलट उरलासुरला थरही घासला जातो.

खाण्याचा सोडा आणि लिंबू: परिणाम साधारण टूथपेस्टसारखाच, तात्पुरता.

डास पळवणारा स्प्रे: याचे व्हिडिओ खूप फिरतात. फवारला की काच खरंच क्षणात चमकते. कारण अशा काही स्प्रेंमधलं रसायन प्लास्टिकचा वरचा भाग विरघळवतं आणि तो पुसताना सपाट पसरतो. थोड्या दिवसांत काच पहिल्यापेक्षा जास्त खराब होते. तोच हात बंपरला किंवा रंगाला लागला तर तिथेही डाग.

पेट्रोल, थिनर, नेलपॉलिश काढायचं द्रव: यांना अजिबात हात लावू नका. पॉलिकार्बोनेटला यांनी भेगा पडतात आणि त्या कायमच्या असतात.

तेलकट स्प्रे: तेलकट थरामुळे काच ओल्यासारखी दिसते, एवढंच. पहिल्या पावसात किंवा धुळीत खेळ संपतो.

घरी साफ करण्याची पद्धत

काय लागेल?
• वॉटर पेपर: ८००, १०००, १५००, २००० आणि मिळाला तर ३००० नंबरचा. रंगाच्या किंवा गाडीच्या रंगकामाच्या सामानाच्या दुकानात मिळतो. नंबर जितका मोठा तितका पेपर बारीक.
• मास्किंग टेप
• गाडी धुण्याचा शाम्पू, दोन बादल्या पाणी, फवारणीची बाटली
• प्लास्टिकला चालणारं बारीक पॉलिश किंवा कंपाउंड
• दोन-तीन स्वच्छ मायक्रोफायबर कापडं
• हेडलाइटसाठीचं अतिनील किरण अडवणारं कोटिंग

कधी करावं? भर उन्हात करू नका. काच तापलेली असेल तर पाणी लगेच सुकतं आणि कोटिंगवर डाग राहतात. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यात पहाटेची वेळ बरी. पाऊस आणि दमट हवाही टाळा. सर्वात सोयीचे दिवस म्हणजे पावसाळा संपल्यानंतरचे. अंगणात करत असाल तर आधी सडा टाका, म्हणजे कोट ओला असताना धूळ उडून त्यावर बसणार नाही.

पायरी १. धुणे: काच आणि आजूबाजूचा भाग भरपूर पाण्यानं धुवा. कडेच्या खाचांमधली माती जुन्या टूथब्रशनं काढा. एक वाळूचा कण जरी पेपरखाली आला तरी खोल ओरखडा उठतो.

पायरी २. टेप लावणे: बोनेट, बंपर, फेंडर यांच्या कडांना दोन पदरी टेप लावा. हात घसरून पेपर रंगावर गेला तर हेडलाइटपेक्षा मोठा खर्च उभा राहतो.

पायरी ३. पहिला पेपर: काच थोडीच धूरकट असेल तर १००० पासून सुरू करा. जास्त पिवळी आणि पापुद्रे सुटलेली असेल तर ८०० पासून. पेपर दहा मिनिटं पाण्यात भिजवा. काचेवर सतत पाणी मारत, हलक्या दाबानं, एकाच दिशेनं आडवं घासा.

सुरुवातीला पिवळट पाणी निघेल. तो जुना थर आणि जळलेलं प्लास्टिक. पाणी पिवळं निघायचं बंद होऊन दुधाळ पांढरं दिसू लागलं की हा टप्पा संपला. घाई इथेच करू नका. जुना थर कुठे ठिपक्यासारखा शिल्लक राहिला तर शेवटी तो डाग म्हणून दिसतोच.

या वेळी काच पूर्ण धुरकट, बर्फासारखी दिसेल. घाबरू नका, ती तशीच दिसायला हवी.

पायरी ४. बारीक पेपर: आता १५००, मग २०००, मग ३०००. प्रत्येक वेळी दिशा बदला. आधी आडवं घासलं असेल तर आता उभं. म्हणजे आधीच्या पेपरचे ओरखडे पूर्ण गेले की नाही ते कळतं. प्रत्येक पेपरनंतर काच धुवा, पुसा आणि तिरप्या उजेडात बघा. एखादा नंबर वगळला तर आधीचे खोल ओरखडे राहून जातात आणि रात्री प्रकाश विखुरतो.

पायरी ५. पॉलिश: कापडावर थोडं पॉलिश घेऊन गोल-गोल फिरवा. हातानं प्रत्येक दिव्याला पंधरा-वीस मिनिटं लागतात. ड्रिलला बफिंग पॅड लावला तर काम लवकर होतं, पण वेग कमी ठेवा आणि एका जागी थांबू नका. तिथे प्लास्टिक तापून डाग पडतो.

काही कोटिंग चढवण्याआधी पॉलिश करायचं नसतं, त्यांना किंचित खरखरीत पृष्ठभाग लागतो. पाकिटावरची सूचना आधी वाचा.

इथपर्यंत आल्यावर काच नव्यासारखी दिसते आणि बहुतेक जण इथेच थांबतात. फसगत होते ती इथेच. या क्षणी काचेवर कोणतंही संरक्षण नसतं. उघडं पॉलिकार्बोनेट आपल्या उन्हात ठेवलं तर काही महिन्यांतच ते पुन्हा पिवळं पडू लागतं, मूळ थर असताना लागली होती तेवढी वर्षं लागत नाहीत.

कोटिंग कोणतं द्यावं?

मेण किंवा सीलंट: स्वस्त आणि सोपं. पण ते काही आठवडे किंवा फार तर दोन-तीन महिने टिकतं. नेमानं पुन्हा लावायची तयारी असेल तरच घ्या.

हेडलाइटसाठी मिळणारं पुसून लावायचं कोटिंग: किटसोबत छोटी बाटली किंवा भिजवलेलं कापड येतं. घरी करणाऱ्यासाठी हा मधला मार्ग. काच आधी पूर्ण कोरडी आणि तेलविरहित करा. एकाच दिशेनं, न थांबता, एकावर एक थोडी चढवत पट्टे ओढा. पुन्हा मागे फिरून पुसू नका. सुकेपर्यंत हात लावू नका आणि गाडी एक दिवस पावसात किंवा धुळीच्या रस्त्यावर नेऊ नका.

टू-के क्लिअर: गाडीच्या रंगावर मारतात तसा, हार्डनर मिसळलेला पारदर्शक लॅकर. अतिनील किरण अडवणारा चांगल्या प्रतीचा घेतला तर तो सर्वात जास्त टिकतो. पण याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचं रसायन असतं. त्याचा फवारा श्वासात गेला तर दम्याचा विकार जडू शकतो. साधा कापडी किंवा धुळीचा मास्क त्याला अडवत नाही. हे काम घरी न करता, योग्य मास्क आणि बंद बूथ असलेल्या पेंटरकडूनच करून घ्या.

हार्डवेअरच्या दुकानातला साधा क्लिअर स्प्रे: टाळा. त्यात अतिनील किरण अडवणारं द्रव्य असेलच असं नाही, त्यातल्या थिनरनं प्लास्टिकला भेगा पडू शकतात आणि काही महिन्यांत त्याचे पापुद्रे निघतात.

पारदर्शक फिल्म: काच पॉलिश करून वर अतिनील किरण अडवणारी फिल्म चिकटवतात. खडे आणि धूळ यांपासूनही ती वाचवते, म्हणून खाणीच्या रस्त्यावर रोज जाणाऱ्या गाडीला सोयीची. फिल्म खराब झाली की फक्त ती बदलायची. मात्र रंगीत किंवा काळपट फिल्म लावू नका, त्यानं प्रकाश पुन्हा कमी होतो.

गॅरेजमध्ये देताना हे विचारा

वेळ नसेल तर डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे किंवा डिटेलिंगच्या दुकानात हे काम होतं. 'हेडलाइट पॉलिश' एवढंच सांगितलं तर फक्त पॉलिशच होईल. म्हणून तीन प्रश्न विचारा:

१. पॉलिशनंतर वर कोणतं कोटिंग देणार?
२. ते अतिनील किरण अडवतं का? डबा किंवा बाटली दाखवता का?
३. किती महिने टिकेल आणि त्याआधी पिवळं पडलं तर पुन्हा करून देणार का?

पहिल्याच प्रश्नाला "गरज नाही, असंच टिकतं" असं उत्तर आलं तर दुसरं दुकान बघा.

दिवा बदलायचा कधी?

आतून भेगा, करपलेला रिफ्लेक्टर, तुटलेले पाय किंवा वारंवार आत शिरणारं पाणी, यापैकी काही असेल तर बदलणंच बरं. तसंच काच दोन-तीनदा घासून झाली असेल तरीही. प्रत्येक वेळी थोडं प्लास्टिक कमी होतं.

नवा घेताना कंपनीचा मूळ सुटा भाग महाग पडतो, पण प्रकाश पूर्ण मिळतो. बाजारातले नकली दिवे दिसायला तसेच असतात, मात्र त्यांच्या काचेवरचा थर आणि आतल्या रिफ्लेक्टरचा आकार तितका अचूक असेलच असं नाही. आणि बाहेरच्या देशातून आलेला जुना दिवा स्वस्त मिळाला म्हणून बसवू नका. उजवीकडून गाडी चालवणाऱ्या देशांतला दिवा उजव्या कडेला जास्त प्रकाश टाकतो. आपल्या रस्त्यावर तो नेमका समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो.

शेवटचं काम: झोत तपासा

काच साफ झाल्यावर प्रकाश कितीतरी वाढतो, त्यामुळे झोत वर असेल तर तो आता समोरच्याला जास्त लागेल. तपासणं सोपं आहे.

सपाट जागी, भिंतीपासून ५ मीटरवर गाडी उभी करा. टायरमध्ये हवा नीट हवी आणि गाडीत नेहमीइतकंच वजन. आतून झोत वर-खाली करायची चकती असेल तर ती शून्यावर ठेवा. हेडलाइटच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजा आणि भिंतीवर तेवढ्याच उंचीवर टेपची आडवी रेघ मारा. आता डिपर लावा. प्रकाशाची वरची कड त्या रेघेच्या साधारण ५ सेंटिमीटर खाली पडायला हवी आणि डाव्या बाजूला ती किंचित वर चढायला हवी. तुमच्या दिव्यावर किंवा गाडीच्या पुस्तिकेत टक्क्यांत वेगळा आकडा दिला असेल तर तो पाळा. १ टक्का म्हणजे ५ मीटरवर ५ सेंटिमीटर.

कड रेघेच्या वर जात असेल तर मागच्या स्क्रूनं ती खाली घ्या किंवा मिस्त्रीकडून करून घ्या.

कायदा काय म्हणतो?

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार अंधारात हेडलाइट चालू आणि चांगल्या स्थितीत असणं बंधनकारक आहे. टॅक्सी, पिकअप, ट्रक अशा वाहतूक परवान्याच्या गाड्यांना पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी फिटनेस प्रमाणपत्र घ्यावं लागतं, आणि त्या तपासणीत दिव्यांचा झोतही बघतात. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी नूतनीकरणाला येते तेव्हाही गाडी तपासली जाते. पण १५ वर्षं वाट बघण्यात अर्थ नाही. काच त्याच्या कितीतरी आधी संपलेली असते.

काच जास्त दिवस टिकावी म्हणून

• शक्य तिथे गाडी सावलीत, नाहीतर तोंड भिंतीकडे करून उभी करा.
• कव्हर घालत असाल तर आधी धूळ धुवा. धुळीवर कव्हर ओढलं की ओरखडे पडतात.
• कोरडं फडकं बंद. आधी पाणी, मग कापड.
• कपड्यांचा किंवा भांड्यांचा तीव्र साबण वापरू नका.
• पक्ष्यांची विष्ठा आणि रस्त्यावरचे किडे सुकण्याआधी धुऊन टाका.
• वर्षातून दोनदा, उन्हाळ्याआधी आणि दिवाळीच्या सुमारास, पाण्याची परीक्षा करा. धूरकटपणा सुरुवातीला पकडला तर नुसतं १५०० पासून काम भागतं.

हे सगळं मोटारसायकल आणि स्कूटरलाही लागू आहे. त्यांच्या दिव्यांवरही बहुधा हेच प्लास्टिक असतं, आणि एकच दिवा असल्यामुळे तो मंद झाला तर आधार द्यायला दुसरा नसतो. रात्रपाळीला दुचाकीवर जाणाऱ्यांनी तर आज संध्याकाळीच काचेवर पाणी ओतून बघावं. ओली असताना स्वच्छ आणि वाळल्यावर धूरकट दिसली, तर एका सुट्टीच्या सकाळचं काम आहे.